मुलाखत आमची घ्या, खोलीची नको!

‘उद्या सकाळी अकरा वाजता व्हिडिओ इंटरव्ह्यू. शांत जागी बसा, इंटरनेट चांगलं असू द्या, मागची भिंत मोकळी ठेवा.’ असा मेल तुमच्यापैकी अनेकांना येऊन गेला असेल, नाहीतर यंदाच्या प्लेसमेंटच्या हंगामात येईल. वाचताना वाटतं, एवढंच ना! मग आपण घरभर नजर टाकतो आणि कळतं, की या तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी मिळवणं हाच पहिला राउंड आहे.

आठवून बघा. वन रूम किचनमध्ये अकरा वाजता कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात आणि खाली भंगारवाला ओरडत असतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहत असाल, तर रूममध्ये तिघं जण आणि त्यातला एक नाइट शिफ्ट करून झोपलेला. अभ्यासिकेत शांतता असते, वायफायही असतं, पण बोलायला बंदी. गावाकडे रेंज फक्त गच्चीवर आणि गच्चीवर रणरणतं ऊन. लाइट गेली की राउटरही गेला. आणि मुलगी असाल, तर ‘कोणाशी बोलतेय गं इतका वेळ?’ हा प्रश्न नेमका ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’च्या वेळी दारातून येणार.

व्हिडिओ मुलाखतीच वाईट, असं मला म्हणायचं नाही. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने वीस मिनिटांच्या मुलाखतीसाठी रात्रभर एसटीत बसायचं, कुणा नातेवाइकाकडे उतरायचं, दोन दिवस कॉलेज बुडवायचं, हे २०२० नंतर बरंच कमी झालं. ती सोय मोठी आहे. पण तिच्यासोबत एक गोष्ट गुपचूप बदलली. ऑफिसमध्ये मुलाखत असायची, तेव्हा खोली, खुर्ची, उजेड आणि शांतता कंपनीची असायची. सगळे उमेदवार एकाच टेबलासमोर बसायचे. आता ते टेबल ज्याने त्याने आपापलं आणायचं. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, तो तिथेच दोन पावलं पुढे.

‘एवढ्या-तेवढ्याने काय फरक पडतो?’ असं वाटत असेल, तर हे वाचा. व्हिडिओ मुलाखतीवरून उमेदवाराचा स्वभाव सांगणारं एक एआय सॉफ्टवेअर जर्मनीतल्या ‘बायरिशर रुंडफुंक’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ मध्ये तपासून पाहिलं. बोलणं तेच ठेवून चष्मा घातला, तर स्वभावाचे गुण बदलले. मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं, तरी बदलले. म्हणजे गुण भिंतीलाही मिळत होते! त्याच वर्षी ‘हायरव्ह्यू’ या मोठ्या अमेरिकी कंपनीने उमेदवारांच्या चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तर २०२० पासून कायदाच आहे : मुलाखतीचा व्हिडिओ एआयकडून तपासणार असाल, तर आधी उमेदवाराला सांगा आणि त्याची संमती घ्या. समोर माणूस असला तरी धोका आहेच. आवाज तुटत असेल, चेहरा अंधारात असेल, तर ‘याच्यात कॉन्फिडन्स नाही’ असा शेरा पडायला किती वेळ लागतो?

मग आपण काय करायचं? जे हातात आहे, ते आधी करून टाकू. लॅपटॉप नसेल तर फोन चालतो. तो हातात धरू नका. पुस्तकांची चळत करून डोळ्यांच्या रेषेत आडवा टेकवा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. साधे वायरचे इअरफोन लावा. स्क्रीनवर तुमचं नाव नीट दिसतंय ना बघा, ‘पप्पा न्यू’ नको. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी मित्राला व्हिडिओ कॉल करा आणि रेकॉर्ड करून पाहा. समोर कुणीच नसतं, फक्त स्क्रीनवर प्रश्न येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचं असतं, अशा मुलाखतीची सवय तर मुद्दाम करावी लागते. मान हलवणारं, हसणारं कुणी नसलं की भलेभले अडखळतात. आणि उत्तरं स्क्रीनवरून वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. मुलाखतीच्या मेलला उत्तर देताना स्वतःचा फोन नंबर लिहा आणि विचारा, ‘नेट गेलं तर फोनवर पुढे बोलता येईल का? मुलाखत रेकॉर्ड होणार आहे का?’ असं विचारल्याने कुणी नापास करत नाही. उलट पुढचा विचार करणारा उमेदवार म्हणून लक्षात राहाल.

पण सगळा भार आपणच का उचलायचा? मुलाखत घेणाऱ्यांनीही थोडं करावं. एकच वेळ लादण्याऐवजी दोन-तीन वेळा द्याव्यात. कुकरची शिट्टी वाजली तर हसून पुढे जावं. नेट तुटलं तर कॅमेरा बंद ठेवून बोलू द्यावं. ऐकायचं तर उत्तरच आहे ना?

आणि आपलं कॉलेज? दुपारनंतर रिकामे पडलेले वर्ग, कुलूपबंद लँग्वेज लॅब, स्टाफरूममागची ती खोली आपण रोज बघतो. त्यातली एक द्या. एक टेबल, एक खुर्ची, वायरने जोडलेलं इंटरनेट, बॅकअपला इन्व्हर्टर आणि दारावर नाव-वेळ लिहायची वही. प्लेसमेंट सेलने गेस्ट लेक्चर आणि फ्लेक्सवर खर्च केला, त्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही. सुट्टीत आणि पास आउट झाल्यावर वर्षभर माजी विद्यार्थ्यांनाही ती खोली वापरू द्यावी, कारण खरी नोकरी शोधायची वेळ तेव्हाच येते.

ही खोली आपोआप मिळणार नाही, मागावी लागेल. एका कागदावर अर्ज लिहा, वर्गातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या आणि सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. पोच घ्यायला विसरू नका!