अण्णांची कॉफी आणि आमचा ग्राइंडर

अब्बा हयात होते तेव्हा फजरच्या नमाजनंतर आमच्या स्वयंपाकघरातून ग्राइंडरची घरघर सुरू व्हायची आणि शेजारच्या घरात त्यावर चूल पेटायची. अब्बा रेल्वेत होते. नोकरीची बरीच वर्षे हुबळीला काढली आणि निवृत्त होऊन मिरजेला आले ते फिल्टर कॉफीची सवय घेऊनच. 2004 साली आमच्या थोरल्या भावाने जेद्दाहून त्यांच्यासाठी विजेवरचा ग्राइंडर आणला. बिया मात्र अण्णांच्याच दुकानातल्या. अण्णा मूळचे कर्नाटकातले, दुकानामागे बिया भाजतात. दर आठवड्याला पाव किलो, कधी दहा ग्रॅम जास्तच, कमी कधी नाही.

अब्बांना जाऊन पाच वर्षे झाली. आम्ही त्यांचा ग्राइंडर, त्यांचा पितळी फिल्टर आणि त्यांचे अण्णा, तिन्ही तसेच चालू ठेवले.

यंदा रमजानच्या आसपास कॉफी बिघडली. नेमके काय बिघडले ते सांगता येईना. एकाच घोटात आंबटही आणि कडूही. कधी फिल्टरमधून पाणी भसकन खाली उतरायचे, कधी अर्धा तास थेंब पडायचा नाही. सहरीच्या वेळी घड्याळाकडे बघत फिल्टरसमोर उभे राहणे काय असते ते ज्यांनी केले आहे त्यांनाच माहीत. भुकटी बारीक व्हावी म्हणून ग्राइंडरचा आकडा आम्ही 14 वरून 10 वर आणला, मग 7 वर, मग 5 वर. दळायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागू लागला आणि भुकटी हाताला गरम लागू लागली. एवढे सगळे समोर असताना आम्ही निष्कर्ष काय काढला? अण्णा फसवतात. अरेबिकाचे पैसे घेऊन रोबस्टा मिसळतात.

हे मनात ठेवले असते तरी एक वेळ ठीक होते. आम्ही ते बोललो. तीन घरांत बोललो. शाळेतले एक सहकारी आमच्याच सांगण्यावरून अण्णांकडून कॉफी घेत असत, त्यांना सांगितले. गल्लीतल्या एका घरी इफ्तारला गेलो होतो, तिथे सांगितले, वर मापात पाप करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनचा दाखलाही दिला. तिसऱ्या घरी तर ऐकणारे म्हणाले, "आपल्या लोकांना ते तसलेच देणार, मुद्दाम." आमच्या तोंडून तसे निघाले नव्हते. पण आम्ही 'नाही, तसे नाही' असेही म्हटले नाही. गप्प बसलो आणि समोरचा समोसा उचलला.

बकरी ईदच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली. तिच्या पिशवीत वीतभर उंचीचा, हाताने फिरवायचा कॉफीचा ग्राइंडर होता. आमची कॉफी एक घोट पिऊन तिने पेला खाली ठेवला आणि विचारले, "मामू, हे काय आहे?" आम्ही अण्णांची कहाणी ऐकवली. तिने काही न बोलता त्याच डब्यातल्या बिया आपल्या ग्राइंडरमध्ये टाकल्या, दळल्या, त्याच फिल्टरमध्ये तेवढेच पाणी घालून कॉफी केली. अम्मींनी चाखली आणि म्हणाल्या, "ही तर तुझ्या अब्बांची कॉफी."

आम्ही शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. घरात तीन महिने आम्हाला ते सुचले नाही. बिया त्याच, पाणी तेच, बदलला फक्त ग्राइंडर. बियांकडे नीट पाहिले असते तरी पुरले असते. अरेबिकाची बी लांबट असते आणि तिच्या मधली चीर वळणदार; रोबस्टाची गोलसर आणि चीर बरीचशी सरळ. डब्यातली प्रत्येक बी लांबट होती.

मग ग्राइंडर उघडला. ज्यांच्या घरी असा ग्राइंडर आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगतो. मिक्सरमध्ये पाते असते, ते बियांचे तुकडे करत सुटते. ग्राइंडरचे तसे नाही. त्यात पोलादाच्या दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात; एक स्थिर, एक फिरती. म्हणजे आपले जातेच. बी मधून आत शिरते, मोठ्या दातांखाली फुटते, कडेकडे सरकत बारीक दातांतून कापली जाते आणि दोन चकत्यांमधल्या फटीएवढी होऊन बाहेर पडते. बाहेरच्या आकड्याने आपण ती फट कमी-जास्त करतो. दाते धारदार असतील तर बी कापली जाते. बोथट झाले की चिरडली जाते, आणि चिरडलेल्या बीचे धड काही होत नाही: थोडी धूळ, थोडे जाड कण. धुळीतून कडूपणा जास्त उतरतो, जाड कण अर्धवट भिजून आंबट राहतात. धूळ फिल्टरच्या भोकांत बसली की पाणी अडते. आमच्या पेल्यात जे जे चालले होते ते सगळे या एका गोष्टीत होते.

उघडताना आधी प्लग काढावा; बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नये. आमच्या यंत्रात प्रत्येक चकती तीन स्क्रूंनी बसवलेली आहे. काही यंत्रांत चकतीऐवजी शंकूच्या आकाराची जोडी असते आणि तिच्या मधल्या नटाचे आटे कधी कधी उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी पुस्तिका पाहावी. स्क्रू वाटीत ठेवावेत. हे सांगायचे कारण, आमचा एक स्क्रू ओट्याखाली गेला आणि अम्मींच्या चश्म्याने सापडला. आत वीस वर्षांच्या कॉफीचे तेल घट्ट होऊन बसले होते. ते कोरड्या ब्रशने आणि लाकडी काडीने काढले. पोलादाला पाणी लावले नाही, गंज चढतो.

चकती उजेडात तिरकी धरली. धारदार कड उजेडात दिसत नाही. बोथट कडेवर मात्र उजेडाची बारीक रेघ चमकते. आमच्या चकतीवर सगळ्याच दातांवर ती रेघ होती. नख फिरवले तर ते नुसते घसरत गेले. शिवाय दोन दाते टवके उडून तुटलेले होते.

ते कुणी तोडले? आठवड्याला पाव किलो म्हणजे वर्षाला तेरा किलो, वीस वर्षांत अडीचशे किलोच्या वर. झीज होणारच. पण टवके कॉफीच्या बीने उडत नाहीत. मग एकेक आठवले. अब्बा गेल्यावर गहव्यासाठी आम्ही सुंठ त्याच ग्राइंडरमध्ये दळू लागलो. सुंठेचा वाळलेला गड्डा किती कठीण असतो ते खलबत्ता चालवणारीला विचारा. कुणीतरी सांगितले म्हणून ग्राइंडर 'साफ' करायला दर महिन्याला मूठभर कच्चे तांदूळही दळत होतो. अब्बांनी त्यात कॉफीखेरीज एक वेलदोडा टाकला नव्हता. दाते आम्ही तोडले होते, आणि चोर अण्णांना ठरवले होते.

चकत्या घेऊन कुपवाडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "घासून धार काढतो, पण उंची कमी होणार आणि दातांचा कोन बिघडणार. पैसे घेईन, कॉफीची हमी नाही देणार." असा सरळ माणूस भेटला की बरे वाटते. शेवटी नवी जोडी मागवायची ठरली. त्यासाठी जुन्या चकतीचा व्यास, स्क्रूंच्या भोकांमधले अंतर आणि यंत्र कोणत्या बाजूला फिरते, हे तिन्ही लिहून घ्यावे लागते. दाते कोणत्या बाजूला वळलेले आहेत त्यावर सगळे अवलंबून. उलट्या बाजूची जोडी बसेल, पण दळणार नाही. 1800 रुपये लागले आणि तीन आठवडे वाट पाहावी लागली. तेवढे दिवस कॉफी खलबत्त्यात कुटली.

नवी जोडी बसवताना चकतीखालची जागा अगदी स्वच्छ हवी. कॉफीचा एक कण खाली राहिला तरी चकती तिरकी बसते आणि पुन्हा तेच, धूळ आणि जाड कण. तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकच आधी घट्ट करायचा नाही. आणि जुना आकडा विसरायचा. जुने दाते झिजून ठेंगणे झाले होते, नवे उंच आहेत. झिजलेल्या चकत्यांच्या पाचावर नव्या चकत्या ठेवून बटण दाबले असते तर पोलादावर पोलाद आदळले असते. म्हणून यंत्र बंद ठेवून, चकती हाताने फिरवत, फट हळूहळू कमी करत नेली. घासल्याचा हलका आवाज आला तिथे थांबलो आणि तिथून मागे मोजत आलो. फिल्टर कॉफीसाठी आता आकडा 12 वर जमला आहे.

अम्मी शेजारी बसून हे सगळे पाहत होत्या. त्यांच्या लहानपणी गावात जात्याला टाकी लावणारा यायचा. छिन्नीने दगडावर पुन्हा खाचा पाडून जायचा. टाकी लावल्यावर पहिले दळण कोंड्याचे किंवा भरड धान्याचे, आणि ते गुरांना. कारण त्यात दगडाची कच असते. "तुझीही पहिली कॉफी फेकून दे," त्या म्हणाल्या. कारखान्यातल्या नव्या चकतीवर तेलाचा हात असतो आणि कडांवर बारीक कीस, तेव्हा सल्ला अगदी बरोबर होता. शिळ्या बियांचे दोन डबे दळून टाकून दिले. मग त्यांना हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांवर जात्याने पडलेले घट्टे आठवले. कामाला माणूस मागायला त्या गेल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) झोपण्यापूर्वी म्हणायची तस्बीह शिकवली: सुब्हानल्लाह 33 वेळा, अल्हम्दुलिल्लाह 33 वेळा, अल्लाहु अकबर 34 वेळा. अम्मी ती आजही म्हणतात. त्यांच्या आईने जात्यावर बसून शिकवली होती.

ग्राइंडर दुरुस्त झाला. पण तीन घरांत आम्ही जे दळण घातले होते त्याचे काय?

हदीसमध्ये स्पष्ट आहे. भावामागे त्याला न आवडणारे खरे बोलणे ही गीबत, आणि खोटे असेल तर तो बोहतान. आमचे दुसऱ्या प्रकारचे होते. सूरह हुजुरातमध्ये पुष्कळशा संशयापासून दूर राहायला सांगितले आहे, ते आम्ही मुलांना तोंडपाठ करून घेतले आहे. हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचा माणसावरचा हक्क, नुसत्या तौबेने फिटत नाही. ज्याचा हक्क मारला त्याच्याकडे जावे लागते. काही जण म्हणतील, अण्णांना कुठे माहीत होते, उगाच कशाला सांगून दुखवायचे? आमच्याही मनात ते आले. पण आमच्या सहकाऱ्यांनी तीन महिने अण्णांकडे खरेदी केली नव्हती. नुकसान झाले होते, अण्णांना फक्त त्याचे कारण ठाऊक नव्हते.

असरनंतर दुकानात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा गेलो. जुन्या चकत्या कागदात गुंडाळून नेल्या होत्या. सगळे सांगितले. अण्णांनी चकती हातात घेऊन दातांवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, आता उठून जा म्हणतात.

"सर, मला विचारायचं होतं की," ते म्हणाले. "अब्बासाहेब असते तर डबा आणून माझ्या टेबलावर आदळला असता. चुकीचं असतं तर चुकीचं, पण माझ्या तोंडावर बोलले असते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. माफी मागितली. त्यांनी "असू द्या" म्हटले, पण ते मनापासून होते की गिऱ्हाईकासाठी होते, हे आम्हाला कळले नाही, आणि खोदून विचारायचा अधिकारही आम्ही गमावला होता. मग त्यांनी पाव किलो बिया तोलल्या. बाबा बुडन यांनी यमनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात; अब्बा आणि अण्णा याच काउंटरवर ती कथा एकमेकांना सांगायचे, जणू दुसऱ्याला माहीतच नाही. परवा अण्णांनी ती सांगितली नाही. सुंठेची पुडी मात्र वेगळी बांधून दिली आणि म्हणाले, "ही खलबत्त्यात."

सहकाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी शाळेत सांगितले. ते हसले आणि त्याच संध्याकाळी अण्णांकडे गेले. इफ्तारच्या घरी जाऊन आलो. तिथे सूरह मुतफ्फिफीनची आठवण त्यांनीच करून दिली. राहिले तिसरे घर. तिथे नुसते 'कॉफी चांगली होती' म्हणून भागणार नाही. त्या दिवशी जे वाक्य आम्ही ऐकून घेतले त्याला उत्तर द्यायचे आहे, आणि ऐकणारे वयाने आमच्याहून मोठे आहेत. सध्या ते मुलीकडे मुंबईला गेले आहेत. रविवारी परततात. जाताना अण्णांकडची शंभर ग्रॅम कॉफी ताजी दळून नेणार आहोत.