आई-बाबांसाठी कॉम्प्युटर : असेम्बल करावा की तयार घ्यावा? रॅमच्या भाववाढीने हिशोब कसा बदलला?

"ब्रँडेड कशाला घेता? सुटे पार्ट आणू, जोडून देतो, बरेच पैसे वाचतील." घरात कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की असं सांगणारा एखादा भाचा किंवा पुतण्या हमखास निघतो. त्याचं म्हणणं बरीच वर्षं खरंही होतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस याच हिशोबावर गजबजले. पण 2025च्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत हा हिशोब बिघडला. बिघडला तोही नेमका स्वस्त कॉम्प्युटरच्या बाबतीत, म्हणजे नेटबँकिंग, व्हिडिओ कॉल, यूट्यूबवरची कीर्तनं आणि सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल शीट एवढ्यासाठी लागणाऱ्या मशीनबाबत.

हा प्रश्न आत्ताच का आला?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित सपोर्ट बंद केला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. विंडोज 11वर जायचं तर प्रोसेसर साधारण 2018 किंवा त्यानंतरचा हवा आणि मदरबोर्डवर 'टीपीएम 2.0' ही सुरक्षा-व्यवस्था हवी. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठवी पिढी किंवा त्यापुढची. त्यामुळे घरोघरी अशी हजारो मशीन आहेत जी ठणठणीत चालतात, पण कागदोपत्री म्हातारी झाली आहेत.

घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026पर्यंत जादा सुरक्षा अपडेट देऊ केले. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्यासाठी पैसेही लागत नाहीत. म्हणजे थोडी सवड मिळाली. पण थांबून जो बाजार समोर येतो, तो महाग झालेला आहे.

रॅम एवढी का महागली?

जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना 'एचबीएम' नावाची खास मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर5 रॅमच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. कारखाने तेच, यंत्रं तीच, आणि एआय कंपन्या भाव न विचारता घ्यायला तयार. मग घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

काही महिन्यांत किरकोळ बाजारात रॅमचे भाव तिपटीच्या आसपास गेले, काही प्रकारांत त्याहूनही वर. मायक्रॉनने 3 डिसेंबर 2025 रोजी ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. असेम्बल करणाऱ्यांच्या यादीत वर्षानुवर्षं असलेलं हे नाव. शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरची जास्त मेमरीची मॉडेलंही याच कारणाने महागली. एसएसडीही स्वस्त राहिलेल्या नाहीत, कारण त्यातल्या चिपलाही डेटा सेंटरची तशीच मागणी आहे.

ब्रँडेड कंपन्यांनाही रॅम महागच मिळत असणार ना?

हो, पण त्यांना झळ उशिरा लागते. मोठ्या कंपन्या महिनोन्महिने आधी करार करतात आणि साठा बाळगतात. एकच रॅम विकत घेणारा ग्राहक मात्र त्या दिवशीचा भाव मोजतो. एचपीने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं होतं की, एका कॉम्प्युटरच्या खर्चात मेमरीचा वाटा साधारण 15 ते 18 टक्के असतो. पुढे किमती वाढवण्याचे संकेतही कंपनीने तेव्हाच दिले. म्हणजे ब्रँडेड मशीनची स्वस्ताईही कायमची नाही. ज्या दुकानात जुन्या भावाचा माल पडून आहे, तिथे तो तयार डबा आज सुट्या पार्टांपेक्षा स्वस्त पडू शकतो, एवढंच.

दुसरा खर्च विंडोजचा. तयार मशीनच्या किमतीत बहुतेकदा अस्सल विंडोज 11 असतं. कंपनी ते घाऊक दराने घेते. सुटा परवाना घ्यायचा तर दहा हजारांच्या घरात जातो. तीस-पस्तीस हजारांच्या कॉम्प्युटरमध्ये ही रक्कम सगळी बचत गिळून टाकते. असेम्बलवाल्यांच्या कोटेशनमध्ये मात्र ही ओळच नसते, कारण 'विंडोज टाकून देतो' या तीन शब्दांत तो विषय संपलेला असतो. टाकून दिलेलं ते विंडोज बऱ्याचदा क्रॅक केलेलं असतं. वडिलांच्या पेन्शनचं खातं ज्या मशीनवर उघडणार, त्यावर कोणी बनवलंय हे ठाऊक नसलेलं क्रॅक चालवणं ही काटकसर नव्हे. (तयार मशीनच्या जाहिरातीत बारीक अक्षरात 'डॉस' लिहिलं असेल, तर त्यातही विंडोज नाही असं समजावं.)

मग असेम्बल करण्यात फायदा उरतो कुणाचा? गेम खेळणाऱ्यांचा आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचा. तिथे ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट यांत निवडीला वाव असतो. आई-बाबांच्या मशीनमध्ये निवडण्यासारखं फारसं काही नसतंच. तरीही जोडायचाच असेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ना, एवढं तपासावं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असतो, त्यात ते नसतं. थोडा स्वस्त मिळाला म्हणून तो घेतला की वेगळं कार्ड घ्यावं लागतं. रॅम 8 जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. भाव उतरले की भर घालता येते.

पंधरा हजारांत 'नवा आय5' कसा मिळतो?

सर्वात मोठी फसगत इथे आहे. ऑनलाइन बाजारात 'आय5, 16 जीबी, 22 इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊससकट' असा आख्खा संच नव्या मोबाइलच्या किमतीत दिसतो. कॅबिनेट चकाचक, आत रंगीत दिवे. पण त्यातला आय5 बऱ्याचदा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून आलेला असतो. तो एच61 किंवा एच81 प्रकारच्या नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डवर बसवलेला असतो. एच61 ही इंटेलची चिप 2011 सालची. अशा मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. विकणारा जुगाड करून ते टाकून देतो, आणि एखाद्या मोठ्या अपडेटला ते अडतं.

ओळखायची खूण सोपी आहे. 'आय5' या शब्दाला अर्थ नाही, त्यापुढच्या आकड्याला आहे. आय5-4570 म्हणजे चौथी पिढी, आय5-8500 म्हणजे आठवी. जाहिरातीत हा आकडाच नसेल, तर तो सांगण्यासारखा नाही असं समजायला हरकत नाही.

जुनंच घ्यायचं असेल तर?

मग उघडपणे जुनं घ्यावं. मोठ्या कंपन्या ऑफिसची मशीन काही वर्षांनी बदलतात. डेलची ऑप्टिप्लेक्स, लेनोवोची थिंकसेंटर, एचपीची प्रोडेस्क ही त्यातली ठरलेली नावं. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीची ही मशीन रिफर्बिश्ड म्हणून मिळतात, दणकट असतात आणि बऱ्याच मशीनना अस्सल विंडोज परवाना जोडलेला असतो. रॅम आतच असल्यामुळे आजच्या भाववाढीत तर हा सौदा जास्तच बरा ठरतो. वॉरंटी मात्र कमी मिळते, कधी सहा महिने, कधी वर्षभर.

आणि घरात आठव्या पिढीचा संथ कॉम्प्युटर असेल तर काहीच घेऊ नये. जुनी हार्ड डिस्क काढून 256 जीबीची एसएसडी बसवली, तरी तो पुन्हा पळायला लागतो. विंडोज 10 वरून 11 वर जाणं अशा मशीनला मोफत आहे. त्याहून जुन्यासाठी लिनक्स मिंट आहे. मोफत, हलकं, ब्राउझरपुरतं पुरेसं. फक्त प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड चालतोय ना, हे आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. ज्यांना मराठीत टाइप करायचंय त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 2019पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

बिघडला तर कोण येणार?

किमतीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि कोटेशनमध्ये तो कधीच नसतो. असेम्बल मशीनला प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. प्रोसेसरची 3 वर्षं, एसएसडीची 3 किंवा 5, पॉवर सप्लायची आणखी निराळी. बेरीज केली तर ती ब्रँडेडपेक्षा जास्तच भरते. पण कॉम्प्युटर सुरू होईना झाला की आधी दोष कुठल्या पार्टात आहे ते शोधायचं, मग तो पार्ट त्या-त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचा आणि बदलून येईपर्यंत थांबायचं. जोडून देणारा मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आणि मशीन चिपळूणला. सत्तरीच्या वडिलांनी पॉवर सप्लाय काढून कुरिअर करावा, ही अपेक्षा कुणी ठेवू नये. ब्रँडेडला ऑनसाइट वॉरंटी असेल, तर इंजिनिअर घरी येतो. घेतानाच ती 3 वर्षांची करून घेतली, तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. मात्र आपल्या पिनकोडला ऑनसाइट सेवा आहे का, हे आधी विचारावं. मोठ्या शहरात दुसऱ्या दिवशी येणारा इंजिनिअर तालुक्याच्या गावात आठवडा लावू शकतो.

इथे असेम्बलची बाजू एका ठिकाणी खरोखर भक्कम होते. अनेक गावांत बाजारपेठेतला कॉम्प्युटरवाला ओळखीचा असतो, फोन केला की संध्याकाळी येतो, दुरुस्ती होईस्तोवर जुना मॉनिटरही लावून देतो. असा माणूस असेल तर हजार-दोन हजार जास्त देऊन मशीन त्याच्याकडूनच घ्यावं, मग ते जोडलेलं असो की ब्रँडेड. मुलाने लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेलं मशीन दुरुस्त करायला हाच माणूस का कू करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

लांबून मदत करायची तर विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. मुलगी कोड सांगते, आई तो टाकते आणि स्क्रीन मुलीला दिसते. सोय मोठी, पण भामटेही हीच पद्धत वापरतात. बँकेतून, पोलिसांतून किंवा कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय असं सांगून कुणी स्क्रीन शेअर करायला लावलं, तर फोन ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी पक्कं सांगावं. पैसे गेलेच तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन होईल, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. रोजच्या वापरासाठी आई-बाबांचं वेगळं, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नसलेलं खातं करून द्यावं. मग बरंचसं सॉफ्टवेअर पासवर्डशिवाय बसत नाही.

उरलं बिल. असेम्बल असो वा रिफर्बिश्ड, जीएसटीसह छापील बिल घ्यावं आणि त्यावर प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा. बिलाचा फोटो आई-बाबांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही फोनमध्ये ठेवावा. वीज वारंवार जात असेल, तर त्याच बिलात 600 व्हीएचा यूपीएस घालून घ्यावा.