नियमावली नावाची संहिता

एखाद्या क्लबाने, जिमखान्याने किंवा साहित्यसंस्थेने सभासदाला काढून टाकले आणि प्रकरण न्यायालयात गेले, की आता खरेखोटे ठरेल असे आपण गृहीत धरतो. आमच्या मते ही अपेक्षा बहुधा अस्थानी असते.

बेळगावच्या ‘लॉज व्हिक्टोरिया’ या फ्रीमेसन मंडळाने काढून टाकलेल्या एका सदस्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली फेटाळले. सदस्याला काढण्याचा अधिकार संस्थेला मिळतो तो सदस्यत्व घेताना झालेल्या करारातून, असे न्यायालयाने म्हटले. नियम पाळले गेले का, सदस्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली का, निर्णय सद्हेतूने झाला का, हे न्यायालय तपासते. तो निर्णय शहाणपणाचा होता का, याचा निवाडा ते करीत नाही.

या भूमिकेची दुसरी बाजू १९७१ च्या एका निकालात दिसते. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची पुनर्रचना संसदेने १९६२ साली कायद्याने केली आणि जुन्या सभासदांच्या संमतीविना नव्यांना प्रवेश खुला केला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला. संघटना स्थापण्याच्या मूलभूत अधिकारात, स्वेच्छेने निवडलेल्या सहकाऱ्यांसह ती चालवण्याचा अधिकारही येतो, असा त्यामागील विचार होता.

ही स्वायत्तता आम्हांलाही हवी आहे. साहित्यसंस्थेत कोण असावे हे मंत्रालयाने ठरवू नये. परंतु तिची किंमत एकट्या पडलेल्या सभासदाला मोजावी लागते. ‘संस्थेच्या हितास बाधक वर्तन’ यांसारख्या मोघम कलमात अध्यक्षांवरील टीकाही बसवता येते. नोटीस आणि सुनावणीचे सोपस्कार चोख पार पडले, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

कवितेतील एकेका शब्दावर तासभर बोलणारे आपण सदस्यत्वाच्या अर्जावर मात नियम न वाचताच सही करतो. ‘बाधक’ म्हणजे काय, तक्रारदारच निर्णय देणाऱ्यांत बसू शकतो का, अपील कोणाकडे करायचे, हे प्रश्न घटनादुरुस्तीच्या सभेत विचारायला हवेत. कुणाचे तरी नाव यादीतून कमी झाल्यावर ते विचारून त्या सभासदाला उपयोग नसतो.