उपद्रव कोणाचा, तक्रार कोणाची?

सण जवळ आले की बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 लागू झाल्याची बातमी पेपरात येते आणि शांतता समितीची बैठक होते. मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बैठकीला जातात, ‘सहकार्य करू’ म्हणतात आणि चहा घेऊन घरी येतात. सार्वजनिक शांततेच्या कायद्याशी आपल्या समाजाचा संबंध एवढाच उरला आहे. या कायद्याकडे आपण फक्त आरोपीच्या नजरेने पाहतो, तक्रारदार म्हणून कधीच नाही. माझा आक्षेप याला आहे.

आधी कायदा पाहू. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 270 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम 268 होते. लोकांना इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य म्हणजे उपद्रव, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच व्याख्येत पुढे असेही आहे की, कायद्याने करणे भाग असलेले काम न केल्याने लोकांना त्रास झाला, तर तोही उपद्रवच. हा अर्धा भाग आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही.

वाचून दाखवले जाते ते पोलीस अधिनियमाचे कलम 110. रस्त्यावर असभ्य, दंगेखोर किंवा बेशिस्त वर्तन करू नये, असे ते म्हणते. शिक्षा कलम 117 मध्ये आहे, म्हणून गावात ‘एकशेदहा-एकशेसतरा’ असा जोडशब्दच रूढ झाला आहे. आता ‘बेशिस्त’ म्हणजे नेमके काय? त्याची मोजपट्टी कलमात नाही. मग ते ठरते पाहणाऱ्याच्या नजरेवर. पानटपरीवर बसलेली पोरे कोणत्या वस्तीतली आहेत, यावर ती टवाळखोर की नुसती गप्पा मारणारी हे ठरू लागले, की कायद्याचा धाक राहतो आणि विश्वास जातो.

आवाजाच्या बाबतीत मात्र मोजपट्टी आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. एरवीही लेखी परवानगी हवी. या नियमांत कोणत्याही धर्माचे नाव नाही. 2022 मध्ये राज्यात भोंग्यांचे राजकारण तापले तेव्हा चर्चा फक्त मशिदींची झाली. लग्नाच्या वरातीतला डीजे, मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंती, प्रचारसभेचे कर्णे यांना तेच नियम लागू होते आणि आहेत.

पण म्हणून ‘आधी त्यांचे बंद करा, मग आमचे’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. फजरची अजान सकाळी 6 च्या आत येते, तेव्हा बाहेरचा भोंगा बंद ठेवणे हाच कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले की, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही. यात इस्लामचे काय बिघडले? हजरत बिलाल यांनी अजान दिली ती गळ्यातून. भोंगा विसाव्या शतकातला, आणि तो आला तेव्हा काही उलेमांनीच नमाजमध्ये तो वापरायला विरोध केला होता. ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजेचे तर कोणत्याच किताबात समर्थन सापडणार नाही. गणेशोत्सवात जो आवाज हानिकारक तो ईदलाही हानिकारकच, असे उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सुनावले. हे आपल्याला कोर्टाने सांगावे लागले, याची लाज वाटायला हवी.

नियम स्वतः पाळला की तो दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार भक्कम होतो. जानेवारीच्या त्याच निकालात तक्रारदाराची ओळख उघड होऊ देऊ नका, असे पोलिसांना बजावले आहे. मग परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला डीजे वाजत असेल तर फोन करायला आपण का कचरतो? दारू पिऊन भर रस्त्यात शिवीगाळ करणाऱ्याला जुन्या कायद्यात 10 रुपयांपर्यंत दंड किंवा 24 तासांपर्यंत कैद होती. आता कलम 355 प्रमाणे दंड 1000 रुपयांपर्यंत गेला आहे आणि समाजसेवेची शिक्षाही आली आहे. त्या रस्त्याने आपल्या आया-बहिणी रोज जातात. तरी तक्रार द्यायला कोणी जात नाही.

आता त्या न वाचलेल्या अर्ध्या भागाकडे येतो. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वॉर्डाचे रहिवासी उघड्या गटारांना आणि घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्ये ही सबब फेटाळली आणि कामे करण्याचा आदेश कायम ठेवला. त्या निकालाचा आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133. आज तेच नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे. सार्वजनिक जागेवरची घाण, रस्त्यातला अडथळा, कठडा नसलेली विहीर, पडायला आलेली भिंत, या सगळ्यांविरुद्ध उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. समोर शेजारी असो की नगरपंचायत.

आपल्या वस्त्यांना बाहेरचे लोक ‘घाण वस्ती’ म्हणतात. आपण ते ऐकून चिडतो, नाहीतर खाली मान घालतो. वस्तीत नालीच बांधली नसेल, कचरागाडीच येत नसेल, तर उपद्रवाचा आरोपी तिथला रहिवासी कसा? रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, अशी हदीस आहे. जुम्याच्या बयानात ती अनेकदा ऐकवली जाते. तिचा आजचा अर्थ कलम 152 चा अर्ज असाही होतो.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. पुढच्या शांतता बैठकीला जाताना बुजुर्गांनी दोन-चार शिकलेली पोरे आणि एखादी शिक्षिका सोबत न्यावी. हातात तीन कागद असावेत: मशिदीच्या ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी, जुलूसमध्ये डीजे लावणार नसल्याचे जमातीचे पत्र, आणि वस्तीतल्या नालीसाठी केलेल्या अर्जाची पोच. पहिले दोन समोर ठेवावेत. मग तिसऱ्याचे उत्तर मागावे.