रिबीट मोजणारी आजी

गेल्या रविवारी आमच्या धाकट्या भाऊजींचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग त्यांनी विचारलं, "वहिनी, ते खेळण्यातल्या मालगाडीला खिळे चिकटवणं अजून चालूच आहे का?" मी म्हटलं, हो. तर पलीकडून हसण्याचा आवाज. "अहो, कोणाला दिसणार आहेत ते? या वयात कशाला डोळे फोडून घेताय? त्यापेक्षा विष्णुसहस्रनाम म्हणत जा."

विष्णुसहस्रनामात हजार नावं असतात आणि त्यातलं एक गाळलेलंही भाऊजींना चालत नाही, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. चांगली उत्तरं मला नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतात. म्हणून आजचं हे लिहिणं. भाऊजी वाचतीलच, त्यांची सून त्यांना उघडून देते.

जे पहिल्यांदाच इथे आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी लेक अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टरजवळ राहते. तिच्याकडे सहा महिने राहायला गेले की थंडीत बाहेर पडता येत नाही, टीव्ही मला झेपत नाही. तेव्हा नातवाच्या टेबलावर जाऊन बसायची सवय लागली. नातू छोट्या रेल्वेगाड्या बनवतो. खेळण्यातल्या नव्हेत, मोजून मापून केलेल्या. 'एचओ' नावाचं माप आहे, त्यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे खऱ्या डब्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. चाळीस फुटी मालडबा १४० मिलिमीटरचा होतो, वीतभरसुद्धा नाही. मी पूर्वी भरतकाम करत असे, रांगोळ्या काढत असे. नातू म्हणाला, आजी, तुझा हात स्थिर आहे, रिव्हेट तू लाव.

आता रिव्हेट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे कामगार त्याला रिबीट म्हणतात, माझ्या तोंडीही तेच बसलंय. दोन पत्रे एकावर एक ठेवून आरपार भोक पाडायचं, लालभडक तापवलेला एक डोक्याचा दांडा त्यातून घालायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकून त्याचंही डोकं करायचं. दांडा निवताना आखडतो आणि दोन्ही पत्र्यांना करकचून आवळतो. नट-बोल्टसारखं ते सैल होत नाही. वेल्डिंग सर्रास होण्याआधी पोलादी डबे, पूल, बोटी, बॉयलर सगळं याच्यावर उभं होतं. पाऊण इंची रिबिटेचं डोकं साधारण सव्वा इंच रुंद असतं. सत्त्याऐंशीने भागा. ०.३६ मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याच्या निम्म्याहून लहान!

हे लावतात कसं? पूर्वी लोक पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यावर मागून बोथट सुई दाबून उठाव काढत, नाहीतर जुन्या मॉडेलच्या न दिसणाऱ्या बाजूवरचे ठिपके पात्याने खरवडून एकेक नव्या जागी चिकटवत. आम्ही करतो ती रीत सोपी आहे. पारदर्शक फिल्मवर राळेचे बारीक उंच ठिपके ओळीने छापलेले मिळतात. हवी ती ओळ कापायची, पाण्यात बुडवायची, कागदावरून सुटली की चिमट्याने आणि ओल्या कुंचल्याने डब्यावर सरकवायची. पृष्ठभाग आधी रंगवून गुळगुळीत केलेला हवा, नाहीतर फिल्मखाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. वर फिल्म मऊ करणारं द्रावण लावायचं, म्हणजे ती पत्र्याला बिलगते. मग रात्रभर हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. वर रंग पातळ द्यायचा, कारण रंग जाड झाला की दोन दिवसांची मेहनत त्यात बुडाली.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे भाऊजींना हसायला आणखी एक कारण. पहिल्या वर्षी एका डब्यावर रिबिटा दिसेनात. मला वाटलं, नातवाने पॉलिश पेपर मारताना घालवल्या. तो शाळेत गेल्यावर मी प्रत्येक सांध्यावर दुहेरी ओळी लावल्या. अगदी सरळ, अगदी समान अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. तीन दिवस गेले. नातवाने पाहिलं, गप्प राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "आजी, हा वेल्डिंगचा आहे." तो पीएस-१ जातीचा डबा, पुलमन-स्टँडर्ड कंपनीने १९४७ पासून बनवलेला. त्याच्या बाजूच्या पत्र्यांना रिबिटा नसणं हेच त्याचं वैशिष्ट्य. मी कादंबरीला अभंग म्हणून शिकवलं होतं म्हणा ना! सगळं खरवडलं.

त्या दिवसापासून मी आधी फोटो बघते, मग चिमटा उचलते. आणि बघायला लागल्यावर कळलं, की रिबिटा ही नक्षी नाही. त्या कुठेतरी, कशासाठीतरी असतात. एकेरी ओळ कुठे, दुहेरी कुठे, याला कारण आहे. डब्याचं ओझं ज्या आडव्या तुळईवरून चाकांकडे उतरतं तिथे त्या दाटीने येतात. आतला खांब बाहेरून दिसत नाही, पण रिबिटांची उभी ओळ त्याची जागा सांगते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९२४ पासून हजारोंनी केलेले एक्स-२९ जातीचे डबे घ्या. आत लाकडी अस्तर, बाहेर पोलाद, मध्ये ओल साठायची आणि बाजूचे पत्रे खालच्या कडेला गंजायचे. मग गंजलेला भाग काढून तिथे पट्टी मारत, आणि पट्टीबरोबर रिबिटांची नवी ओळ येई. ती ओळ दिसली की समजायचं, हा डबा म्हातारा आहे, याचं आजारपण झालेलं आहे. मॉडेलवर ती ओळ गाळली तर तुम्ही वेगळाच डबा केलात. तुमच्या मॉडेलमधलं साल १९५० आणि डबा मात्र काल कारखान्यातून बाहेर पडलेला.

भाऊजींचं म्हणणं, "दिसतं कोणाला?" अमेरिकेतही हाच वाद आहे, तिथे 'तीन फुटांवरून चांगलं दिसलं की झालं' म्हणणारे पुष्कळ. आणि बारकाव्यांच्या मागे लागणाऱ्याला ते 'रिव्हेट काउंटर' म्हणतात, म्हणजे रिबिटा मोजणारा. कौतुकाने नव्हे हं, आपण 'किस पाडणारा' म्हणतो तसं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वेलांटी पहिली की दुसरी यावरून मला किस पाडणारी म्हणणारे पालक आणि सहकारी भरपूर भेटले. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला दीन म्हणून बघावं. 'कोणाला कळतंय' हा युक्तिवाद मी तेव्हाही ऐकून घेतला नाही. कळणारा एक जरी असला तरी तो वर्गात असतोच, आणि बहुतेक वेळा शेवटच्या बाकावर असतो.

शिवाय दिसतं, हो! एकेक ठिपका नाही दिसत, पण बाजूने उजेड पडला की ओळीची सावली दिसते. ती नसली तर डबा साबणाच्या वडीसारखा वाटतो. उलट प्रमाणाबाहेर मोठ्या रिबिटा मी काही जुन्या संचांवर पाहिल्यात. हिशेब केला तर खऱ्या डब्यावर त्या तीन-तीन इंचांच्या झाल्या असत्या. डब्याला देवी आल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा नसलेल्या बऱ्या, एवढं मी भाऊजींना देते.

आणखी एक गोष्ट देते. मोजणाऱ्यांतही दुष्ट लोक असतात. एका प्रदर्शनात एका वयस्क गृहस्थांनी माझ्या नातवाला चारचौघांत, तोही डबा टेबलावर ठेवता ठेवता, "दाराशेजारची ओळ चुकली आहे" असं ऐकवलं आणि पुढे निघून गेले. ओळ चुकली होती हे खरं. पण पोराने महिनाभर टेबलाकडे पाहिलं नाही. लाल शाई मीही वापरली आहे, पण वही मुलाच्या हातात देऊन, शेजारी बसवून. त्या गृहस्थांना मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझं इंग्रजी वेळेवर धावून आलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. लेकीला माहीत आहे, भाऊजींना कदाचित नाही, कारण आमच्या लग्नाआधीच वडील गेले.

माझे वडील रेल्वेच्या एका कारखान्यात रिबीट मारणाऱ्यांच्या टोळीत होते. कुठल्या ते सांगत नाही. टोळीत एकजण भट्टीत रिबिटा तापवी, एकजण सांडशीने आणून भोकात घाली, एकजण बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोके आणि एकजण आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा, डोक्याला टेकवून सगळा जोर अंगावर घेई. माझे वडील डॉली धरत. म्हणजे बंद पोलादी डब्याच्या आत बसत, आणि बाहेरून हातोडा चाले. ढोलात बसून ढोल वाजवून घ्यायचा, दिवसाचे आठ तास. कानात घालायला कापसाचे बोळे. मी चौथीत होते तेव्हा त्यांना हाक ऐकू येईनाशी झाली. सातवीत गेले तेव्हा मी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत असे. माझं अक्षर चांगलं का, असं सगळे विचारायचे. त्याचं कारण हे.

शेवटी शेवटी त्यांना तपासणीवर घेतलं. रिबिटेच्या एका अंगाला बोट ठेवायचं, दुसऱ्या अंगाला हातोडी मारायची. सैल असली तर बोटाला हलल्याचं कळतं. बहिऱ्या माणसाला ते काम चांगलं जमे. मी पाहायला गेले होते एकदा. एकही न सोडता ओळीने बोट ठेवत चालले होते. मोजत होते! त्यांना कोणी किस पाडणारा म्हटलं नाही, कारण सुटलेल्या रिबिटेचं पुढे काय होतं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या डब्यांचाही इतिहास काही वेगळा नाही. पिट्सबर्गजवळ मकीज रॉक्स इथे प्रेस्ड स्टील कार कंपनीचा प्रचंड कारखाना होता, पोलादी मालडबे आगगाडीच्या वेगाने बाहेर पडत. युरोपातून आलेले, एकमेकांची भाषा न कळणारे मजूर. मजुरी टोळीवर ठरायची, यंत्र बंद पडलं तरी नुकसान टोळीचं. १९०९ च्या जुलैत, आमचा दर काय ते सांगा, म्हणून आधी रिबीटवालेच अडून बसले, आणि त्यातून हजारोंचा संप झाला. २२ ऑगस्टच्या रविवारी गोळीबार, मारामारी होऊन डझनभर तरी माणसं मेली. (गंमत अशी, की या कंपनीत विलीन झालेला एक कारखाना लीड्सच्या सॅमसन फॉक्सने अमेरिकेत काढलेला, आणि आपल्या बार्शी लाईट रेल्वेच्या डब्यांच्या पोलादी चौकटी आल्या त्याच फॉक्सच्या लीड्स फोर्जमधून. साच्यात दाबून केलेल्या चौकटी, म्हणजे रिबिटा कमी. बार्शीकरांनी ही माहिती मुलांना सांगावी.)

स्ट्रासबर्गला पेनसिल्व्हेनिया रेल्वे संग्रहालय आहे, लेकीच्या घरापासून जवळच. तिथे एका जुन्या डब्याजवळ उभी राहिले. प्रत्येक डोकं सारखं नसतं, जवळून पाहिलं की कळतं. एखादं किंचित तिरकं, एखादं चपटं. कोणीतरी दमलेला होता, किंवा आतल्याचा हात सरकला होता. जावई म्हणाले, "आई, चला, पुढे मोठी इंजिनं आहेत." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

तेव्हा भाऊजी, तुम्ही 'खिळे' म्हणता ती माणसांनी मारलेली आहेत, एकेक. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. डब्यावर कंपनीचं नाव असतं, ते नातू भिंगाखाली अक्षर न अक्षर बरोबर लावतो आणि त्याला कोणी हसत नाही. कंपनीचं नाव चुकलं तर चूक आणि रिबीट गाळली तर चालतं, हा न्याय मला मान्य नाही. तुम्ही नका लावू. तुमच्या नातवाने तीन फुटांवरून चांगला दिसणारा डबा केला तर मी टाळ्या वाजवीन, मनापासून. पण लावणाऱ्याला हसू नका.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळे उत्तम आहेत, काळजी नसावी. सध्या पुण्याच्या घरी, खिडकीतल्या टेबलावर एक्स-२९ आहे, नातवाने दिवाळीत आणून दिलेला. उजव्या बाजूची खालची पट्टी पूर्ण झाली. डाव्या बाजूला एका जागी फोटोत ओळ वाकडी दिसते, डावीकडून चौथ्या पत्र्यावर. ती सरळ लावू की वाकडी, हे नातवाला विचारलंय. तो म्हणतो, वाकडी. फिल्मची सरळ ओळ वाकडी लावता येत नाही, त्यामुळे तेवढे ठिपके सुट्टे कापून एकेक लावावे लागतील. अकरा आहेत.