नागनाथाचा रस्ता आणि वसमतची हळद

राज्याच्या मंत्रिमंडळानें 24 जून 2025 रोजीं शक्तिपीठ महामार्गास मंजुरी दिली, तेव्हांपासून आमच्या हिंगोली जिल्ह्यांत चार माणसें एकत्र बसलीं कीं दुसरा विषय म्हणून निघत नाहीं. वर्ध्यानजीक पवनार येथून निघून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीस पोंचणाऱ्या या 802 किलोमीटरांच्या मार्गाची मूळ आखणी बारा जिल्ह्यांतून झाली असून त्यांत हिंगोली आहे. माहूर, तुळजापूर व कोल्हापूर येथील देवीचीं स्थानें, औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ अशीं अठरा तीर्थक्षेत्रें या मार्गानें जोडावयाचीं, आणि नागपुराहून गोव्यास जाण्याचे अठरा तास आठांवर आणावयाचे, असा सरकारचा मनोदय आहे.

देवाच्या वाटेस आडवें कशास यावें, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही सहज विचारला जातो. विचारणारांच्या भाविकपणाविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु नागनाथाच्या दर्शनास लोक कसे येतात हें एकदां डोळ्यांनीं पाहावें असें आम्ही सुचवितों. शेगांवची गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठीं पंढरपुरास निघते, ती सेनगांव, नरसी नामदेव, औंढा असा आमचा जिल्हा पायीं ओलांडून जाते. श्रावणी सोमवारीं हिंगोली, परभणी, नांदेडकडून येणारा पुष्कळसा समुदाय एस. टी.तून उतरतो. या मंडळींच्या खरोखर उपयोगीं पडलेले सरकारी निर्णय म्हणाल तर ते दोन. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्धें तिकीट लागूं लागलें. पूर्वीं ज्या घरांत आजीबाईंनीं यात्रेचें नांव काढतांच गाडीभाड्याचा हिशेब मांडला जाई, त्या घरांतील आजी आतां आधार कार्ड पिशवींत घालून स्वतःच्या मर्जीनें देवदर्शन करून येते. (सरकारी मोटारीचें आम्हां मराठवाडेकरांस तसें नवल नाहीं. एस. टी.ची पहिली गाडी अहमदनगर-पुणें मार्गावर 1 जून 1948 रोजीं निघाली. निजामाच्या राज्यांत सरकारी बस 1932 पासूनच चालत होती!)

आतां पैशाचें. मंत्रिमंडळानें मान्य केलेली 20,787 कोटींची तरतूद मुख्यतः जमिनीची आहे. रस्ता बांधण्याचा खर्च निराळा. त्यांपैकीं 12,000 कोटी भूसंपादनासाठीं हुडकोकडून कर्जाऊ घ्यावयाचे, आणि उरलेले 8,787 कोटी हें त्यावरील संभाव्य व्याज. उभा जन्म त्रैराशिक शिकविण्यांत गेलेल्या माणसास असे आंकडे दिसले कीं भागाकार केल्यावांचून राहवत नाहीं. जमीन सुमारें 7,500 हेक्टर. म्हणजे हेक्टरीं सरासरी एक कोटी साठ लक्ष. रक्कम कानास मोठी लागते खरी. परंतु जमिनीच्या दर शंभर रुपयांमागें व्याजाचे त्र्याहत्तर धरलेले आहेत, आणि हें ऋण कोणाच्या तरी माथीं बसावयाचेंच आहे.

जमीन कोणती, हा खरा प्रश्न. येलदरी व सिद्धेश्वर हीं पूर्णेवरचीं धरणें झालीं आणि वसमतच्या काळ्या रानांत कालव्याचें पाणी आलें. त्या पाण्यावर ऊंस, केळी आणि हळद उभी राहिली. हळदीचें पीक सोपें नव्हे. मृगाच्या आसपास बेणें लावावें, नऊ महिने पाणी, खत व खुरपणी करावी, मग काढणी, शिजविणें, उन्हांत वाळविणें, पॉलिश. घरांतील लहानथोर साऱ्यांचे हात त्यांत राबतात. याच हळदीसाठीं सरकारनें वसमत येथें बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापिलें, आणि 2024 सालीं वसमत हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकनाचा अर्थ असा कीं या मातींतील हळद ती हीच, दुसऱ्या मातींत ती होणार नाहीं. एका हातानें मातीस असें प्रमाणपत्र द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें तीच माती मुरुमाखालीं पुरावयाची, या दोन निर्णयांचा मेळ कसा बसतो तें आम्हांस समजत नाहीं.

शिवाय द्रुतगती मार्ग म्हणजे गांवचा रस्ता नव्हे. त्याच्या दोहों बाजूंस आडकाठी असते. वाटेल तेथें चढतां येत नाहीं, उतरतां येत नाहीं. गटाच्या मधून तो गेला म्हणजे अलीकडचें रान अलीकडे राहतें, पलीकडच्यास बैलगाडी न्यावयास बोगदा असेल तेथपर्यंत वळसा पडतो. कालव्याची चारी तुटते. भरावामागें पावसाचें पाणी तुंबतें, आणि हळदीच्या मुळाशीं पाणी राहिलें कीं गड्डा कुजतो. मोबदला मिळतो तो गेलेल्या जमिनीचा. उरलेल्या तुकड्याची ही दैना कोणत्या रकान्यांत लिहावयाची?

वसमत तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं मोजणीस विरोध केला तो याकरितां. कोल्हापूरकरांनींही केला होता. त्यांच्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना ऑक्टोबर 2024 मध्यें, विधानसभेची निवडणूक तोंडावर असतां, रद्द करण्यांत आली. कोल्हापुरांत जें गाऱ्हाणें खरें ठरलें तेंच वसमतेंत खोटें कां ठरावें? हळद उंसाहून कमी गोड, एवढेंच कारण असेल तर तसें सांगावें!

आम्ही रस्त्यांचे वैरी नव्हों. पूर्णेहून हिंगोलीस 1912 सालीं आगगाडी आली नसती तर या भागांतील कित्येक मुलें शाळेच्या पुढें शिकलींच नसतीं. परंतु नागपूर, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग 361 आहेच. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीवरून येणारा 161 त्यास आमच्याच जिल्ह्यांत वारंगा फाट्यावर मिळतो. तेथून औंढ्यापर्यंतचा रस्ता उत्तम केला, स्थानकावर सावली, पाणी व स्त्रियांसाठीं स्वच्छ शौचालयें ठेविलीं, तर यात्रेकरूस आणखी काय हवें? आणि पाणंद रस्त्यांचें काय? नोव्हेंबर 2021 मध्यें सरकारनें मातोश्रींच्या नांवें शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, ती आमच्या मतें अलीकडील उत्तम निर्णयांपैकीं एक. काळ्या मातीची पाणंद आषाढांत अशी होते कीं माणसाची चप्पल रुतते, ट्रॅक्टर रुततो, आणि अडलेल्या बाळंतिणीस बाजेवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावें लागतें. गांवाचा रस्ता खचला म्हणजे मुलींची निळी बस फाट्यावरून परत फिरते. दप्तर डोक्यावर धरून चिखल तुडवीत येणाऱ्या मुली शिक्षकांनीं पाहिलेल्या असतात, मंत्र्यांनीं क्वचित्.

या साऱ्यांत एक गोष्ट घरांतली आहे, आणि तिची चर्चा सभांतून होत नाहीं. सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतात. जमीन आहे तोंवर एक घर असतें. कोणी पुण्यास नोकरीस, कोणी गांवीं, पण दिवाळीस सारे एका पंक्तीस. मोबदल्याची रक्कम मात्र पंक्तीस बसत नाहीं. ती ज्याच्या त्याच्या खात्यांत जाते, आणि मग कोणीं किती राबलें, विहिरीस कोणाचे पैसे लागले, हे जुने हिशेब निघतात. कुळकायद्यांत ज्या घरांच्या जमिनी गेल्या, त्यांतील वडीलधाऱ्यांस हें वेगळें सांगावयास नको.

म्हणून ज्या वाचकांचीं शेतें या आखणींत आहेत त्यांस आमची विनंती अशी कीं आजच्या आज सातबारा, फेरफार व मोजणीचा नकाशा काढून घ्यावा. विहीर, पाईपलाईन, फळझाडें यांची नोंद झाली आहे कीं नाहीं तें पाहावें. हरकत लेखी द्यावी, नोटिशींतील मुदतीच्या आंत द्यावी, आणि पोंच घ्यावी. वारसांच्या नोंदी अपुऱ्या असतील तर प्रथम त्या पुऱ्या कराव्यात, त्यांत लेकीबाळींचीं नांवें गाळूं नयेत. 2005 च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीचा वांटा मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. मोबदल्याची वार्ता आली कीं माहेरवाशिणीस अगत्यानें बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची जी रीत पडली आहे, ती आमच्या वाचकांच्या घरीं नसावी. आणि जिला असें बोलावणें येईल तिनें तो कागद सासरीं नेऊन, सावकाश वाचून, मगच काय तें ठरवावें.