माल पिंपात, पैसे रोख

आमच्या घरी एका ग्रंथसंचाचे पाच खंड आहेत. संच सहा खंडांचा होता. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून मी नाव नोंदवले तेव्हा थोरली मुलगी बालवाडीत होती. आता तिचा मुलगा दहावीला आहे आणि सहावा खंड अजून यायचा आहे. प्रकाशक गेले, त्यांचे दुकानही गेले. मी कधी तक्रार केली नाही. छापील किमतीच्या निम्म्यात पाच खंड पदरात पडले होते. जोखमीचा मोबदला मला आगाऊच मिळाला होता, असे माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी म्हणतो. माझ्यातला वाचक मात्र फळीवरच्या त्या मोकळ्या जागेकडे अजून बघतो.

हे आठवायला कारण झाले लंडनच्या भाच्याचा फोन. त्याची मुलगी २०१० मध्ये जन्मली. त्या आनंदात त्याने २०११ च्या उन्हाळ्यात बोर्दोच्या वाइनच्या दोन पेट्या विकत घेतल्या. मुलीच्या जन्मवर्षाचे पीक. अठराव्या वर्षी विकायचे आणि कॉलेजची फी भरायची, असा बेत. तेव्हा ती वाइन बाटलीतसुद्धा उतरलेली नव्हती. आज दुकानदार जो भाव सांगतो तो भाच्याने भरलेल्या पैशांपेक्षा कमी आहे. शिवाय इतकी वर्षे गोदामाचे भाडे आणि विमा आहेच. "मामा, तू बँकेत होतास, माझं नक्की चुकलं कुठे ते सांग," म्हणाला.

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात बोर्दोत द्राक्षे खुडतात. रस आंबला की तो ओकच्या पिंपांत भरतात. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. तिथे तो साधारण दीड वर्ष मुरतो. पण पुढच्या एप्रिलातच ही सहा महिन्यांची वाइन चाखायला जगभरचे व्यापारी आणि समीक्षक गोळा होतात. नमुना तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि वीस वर्षांनी तो कसा लागेल याचे भविष्य सांगायचे. मग एकेक शातो, म्हणजे मळेवाला, आपला दर जाहीर करतो. माल दलालांमार्फत घाऊक पेढ्यांकडे, तिथून देशोदेशींच्या दुकानदारांकडे आणि शेवटी भाच्यासारख्या गिऱ्हाइकाकडे. पैसे त्याच उन्हाळ्यात रोख, बाटली दोनेक वर्षांनी. या पद्धतीला फ्रेंचमध्ये 'आँ प्रिमर' असे गोड नाव आहे. आम्ही बँकेत याला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज म्हटले असते.

मुळात यात गैर काही नव्हते. पूर्वी बोर्दोचे व्यापारी पीक वेलीवर असतानाच सौदा करत. कोकणात मोहोरावर आंब्याची कलमे देतात, तसेच. मळेवाल्याला रोकड हवी असे, व्यापाऱ्याला स्वस्त माल. १९७२ चे सुमार पीक अव्वाच्या सव्वा दराने विकले गेले, पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि बाजार कोसळला. व्यापाऱ्यांची माल साठवायची ऐपत उरली नाही, तसा तो भार पुढे सरकत सरकत पिणाऱ्याच्या खांद्यावर आला.

मग आले १९८२ चे पीक. अमेरिकेत शेतीकर्ज देणाऱ्या बँकांच्या कायदा विभागात नोकरी करणाऱ्या रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने (म्हणजे आमच्याच जातकुळीचा माणूस!) आपल्या छोट्या पत्रिकेत त्याची तोंड भरून स्तुती केली. इतर काही समीक्षक साशंक होते. पार्कर खरा ठरला, नोकरी सोडून जगाचा परीक्षक झाला. ज्यांनी पिंपात असतानाच तो माल घेतला, त्यांच्या पेट्यांची किंमत पुढे कित्येक पटींनी वाढली. गावात एकाला लॉटरी लागली की सगळा गाव तिकिटे काढतो. १९८२ ची ती गोष्ट सांगून पुढे चाळीस वर्षे लोकांकडून आगाऊ पैसे घेतले गेले.

२००९ आणि २०१० ची पिके उत्तम होती, यात वाद नाही. पण चीनमधून मागणी आली आणि दर आभाळाला भिडले. शातो लाफितने तर २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरून घेतला, कारण आठ तिकडे शुभ. २०११ मध्ये ही हवा ओसरू लागली. भाचा नेमका शिखरावर पोचला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, की सवलत नसेल तर प्रकाशनपूर्व नोंदणीला अर्थ काय? दोन वर्षे पैसे अडकवायचे, माल चांगला निघेल की नाही ही जोखीम घ्यायची, आणि वर दुकानात मुरलेली, प्यायला तयार बाटली जेवढ्यात मिळते तेवढेच किंवा जास्त मोजायचे! नामांकित शातोंचे धनी आज विमा कंपन्या आणि अब्जाधीश आहेत. त्यांना रोकडीची निकड नाही. घाऊक पेढ्या नाही म्हणू शकत नाहीत. यंदा माल नाकारला तर पुढच्या चांगल्या वर्षी कोटा कापला जाण्याची धास्ती. साखर हवी तर तेलही घ्या, हा आपल्या वाण्याचा जुना हिशोब.

शातो लातूरने (आपल्या लातूरशी संबंध नाही) २०१२ मध्ये या रिवाजातून अंग काढून घेतले. वाइन स्वतःच्या तळघरात मुरवायची आणि पिण्याजोगी झाली की विकायची. भाव ते सोडत नाहीत, पण जोखीम ज्याची त्याच्याकडे राहते. हे मला सरळ वाटते. बाकीच्यांनी २०२४ मध्ये दर बरेच उतरवले, २०२५ मध्ये आणखी खाली आणले, तरी गिऱ्हाईक थंडच. ते शहाणे झाले आहे, एवढाच याचा अर्थ.

आणि पैसे ज्या दुकानदाराकडे जातात त्याचे काय? कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या 'प्रीमियर क्रू' या दुकानाचा मालक जॉन फॉक्स कधी खरेदीच न केलेली वाइन वर्षानुवर्षे विकत होता. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याची पेटी आणायची. २०१६ मध्ये दिवाळे वाजले, त्याने गुन्हा कबूल केला, साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर. आपल्याकडे न बांधलेली घरे विकणाऱ्या बिल्डरला २०१६ च्या रेरा कायद्याने गिऱ्हाइकाचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. न भरलेल्या बाटल्या विकणाऱ्यालाही असेच खाते सक्तीचे करायला हरकत नसावी. बाटलीला पाया खणावा लागत नाही म्हणून विश्वास स्वस्त होत नाही.

भाच्याला म्हटले, तुझ्या पेट्या निदान गोदामात खरोखर आहेत, पावतीवर नंबर आहेत, हेही कमी नाही. एक विकून टाक, फीला हातभार लागेल. दुसरी ठेव, पोरगी अठराची झाली की घरात फोडा.

"पण आईला सांगू नकोस," तो म्हणाला. आमच्या ताईला अजून वाटते की नातीच्या नावाने पैसे मुदत ठेवीत आहेत.